चॉक, पाऊस आणि वाकडं अंगण

पावसाळा सुरू झाला की आमच्या खांदेश्वरात दोघांना हमखास शिव्या पडतात. एक हार्बर लाइन आणि दुसरा चॉक. हार्बर लाइनवर लिहिणारे पुष्कळ आहेत. चॉकची बाजू घ्यायला मात्र कुणी नाही, म्हणून आज मी घेते.

आमच्या नातेवाइकांपैकी निम्म्यांना 'पूल' म्हटलं की नदीवरचा पूल आठवेल. तर त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. कापड चढवलेलं एक मोठं टेबल, त्याला सहा खिसे, पंधरा रंगीत बॉल आणि एक पांढरा. हातात लाकडी काठी, तिला म्हणायचं क्यू. क्यूने पांढऱ्याला मारायचं आणि पांढऱ्याने रंगीत बॉलला खिशात धाडायचं. क्यूच्या टोकाला चामड्याची चपटी टिकली असते, ती टिप. प्रत्येक फटक्याआधी त्या टिपला एक निळा चौकोनी ठोकळा घासतात. तो चॉक. बिलियर्ड्स, स्नूकर, पूल, तिन्हीत हे सारखंच.

आमचा नातू इथल्याच एका पार्लरमध्ये खेळतो. पार्लर म्हणजे शटरचा गाळा, त्यात दोन टेबलं. खेळून झालं की तो आणि त्याचे मित्र आमच्याकडे पोह्यांना येतात, आणि जून ते सप्टेंबर पोह्यांबरोबर एकच वाक्य ऐकू येतं, "चॉक सादळलाय यार!" त्यावर एकेकाचे उपाय. एकजण चॉक तांदळाच्या डब्यात ठेवतो. दुसरा फ्रिजमध्ये. तिसरा आईच्या हेअर ड्रायरने वाळवतो. चौथ्याने परदेशी चॉक मागवलाय, त्याची किंमत ऐकून मी पोह्यांचा झारा खाली ठेवला.

हे सगळं ऐकून आणि थोडं वाचून माझं मत असं झालंय की चॉक बिचारा बराचसा निर्दोष आहे. दोष आहे तो टेबलावरच्या कापडाचा, आणि त्याहून जास्त त्या खोलीचा. हे नुसतं गंमत म्हणून सांगत नाही. चुकीच्या गोष्टीला दोष दिला की त्यात मुलांचं नुकसान होतं, त्याबद्दल पुढे लिहितेच.

मी मराठीची बी.ए., विज्ञानाची नव्हे. पण खडू या विषयात माझी उभी नोकरी गेली आहे, तेव्हा थोडा अधिकार आहे असं समजा :)

फळ्यावरचा खडू पूर्वी चुनखडीचा असायचा, नंतर जिप्समचा आला. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवून साच्यात ओततात आणि कांड्या उन्हात वाळवतात. हा खडू मऊ असतो. फळा त्याला झिजवतो, आणि झिजलेली भुकटी फळ्यावर राहते ते आपलं अक्षर. पावसाळ्यात हाच खडू दमट फळ्यावर नुसता सरकतो, कधी मधेच मोडतो. म्हणून चॉक सादळला असं मुलं म्हणाली तेव्हा मला ते आधी सहज पटण्यासारखं वाटलं.

पण क्यूचा चॉक हा खडूच नाही, नुसतं नाव तेवढं राहिलंय. पूर्वी खेळाडू खरोखरचा खडू वापरत. पुढे विल्यम स्पिंक्स नावाचा अमेरिकन बिलियर्ड्सपटू आणि विल्यम हॉस्किन्स नावाचा शिकागोचा रसायनतज्ज्ञ या दोघांनी नवीन मिश्रण तयार केलं आणि १८९७ साली त्याचं पेटंट घेतलं. त्यात मुख्य माल सिलिका आणि कुरुंद यांची बारीक पूड. सिलिका म्हणजे आपल्या वाळूतला पदार्थ. कुरुंद म्हणजे धार लावायच्या दगडात वापरतात तो. पूड धरून ठेवायला चिकटवणारा पदार्थ, रंग, आणि झाला ठोकळा. म्हणजे फळ्यावरचा खडू झिजून उपयोगी पडतो, तर हा चामड्याच्या टिपवर खरखरीत थर देऊन उपयोगी पडतो. एकाचा गुण मऊपणा, दुसऱ्याचा खरखरीतपणा.

हा खरखरीतपणा कशाला लागतो? टिप आणि बॉल यांची गाठ जेमतेम सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढी पडते. तेवढ्या वेळात टिपने बॉलला घट्ट पकडायचं असतं. बॉलच्या बरोबर मध्यावर मारलं तर पकड फारशी लागत नाही. पण बॉलला फिरकी द्यायची तर मध्य सोडून बाजूला, वर किंवा खाली मारावं लागतं. चॉक लावलेल्या टिपने मध्यापासून साधारण अर्ध्या त्रिज्येपर्यंत जाता येतं. पूलचा बॉल सुमारे ५७ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे चौदा मिलिमीटर. त्यापलीकडे गेलं की टिप घसरते, टक् असा आवाज होतो आणि पांढरा भलतीकडे जातो. याला मिसक्यू म्हणतात. बघणारे हसतात, आणि खेळणारा चॉककडे रागाने बघतो.

आता दमटपणाचं. स्वयंपाकघरात उभं राहून पाहा. जुलैत मिठाला पाणी सुटतं, पापड सादळतात, काडेपेटी पेटत नाही. पण कुंडीसाठी आणलेल्या वाळूला पाणी सुटतं का? मीठ हवेतली ओल ओढून घेऊन विरघळतं, वाळू तसं करत नाही. चॉकमधली कामाची पूड वाळूच्या जातीची आहे, मिठाच्या नव्हे. दमट हवेने तिचे कोपरे बोथट होत नाहीत.

काहीच होत नाही असं मात्र मी म्हणत नाही. घामाच्या ओल्या बोटांनी धरलेल्या चॉकचा वरचा थर गोळा होऊन गुळगुळीत होतो, मग तो टिपवर नीट बसत नाही. वाळवून, बारीक पॉलिशपेपरने वरचा थर खरवडला की पुन्हा ठीक. चामड्याची टिपही ओलीने थोडी मऊ पडते, चेपते, आणि चेपलेली चकचकीत टिप कोरडाठाक चॉकसुद्धा धरत नाही. फ्रिजवाल्याला तर मी सांगितलं, "अरे, गार पाण्याच्या तांब्याला बाहेर घाम येतो तो पाहिलायस ना? फ्रिजमधून काढलेल्या चॉकला पावसाळ्यात तोच घाम येणार." वाळवायचा म्हणून तो ओला करत होता. तांदळाचा डबा त्या मानाने बरा, नुकसान तरी नाही.

खरा ओल पिणारा आहे तो टेबलावर अंथरलेला. बिलियर्ड्स-स्नूकरचं कापड लोकरीचं असतं, पूलचं बहुधा लोकर आणि नायलॉनचं. लोकरीला ओल किती लागते ते आपल्या धनगरांना विचारा. पावसात घोंगडं हळूहळू जड होत जातं. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी ओल पोटात घेते, आणि तरी हाताला ओली लागत नाही. मुंबईच्या बाजूला जुलै-ऑगस्टमध्ये हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. आमच्या एका बाजूला पनवेलची खाडी, दुसऱ्या बाजूला माथेरान-प्रबळगडाचे डोंगर. अशा ठिकाणी रात्रभर बंद गाळ्यात पडलेलं लोकरीचं कापड ओल पिणार नाही तर काय करणार?

ओल्या कापडावर बॉल जड चालतो. त्याला दिलेली फिरकी लवकर संपते. कुशनवरून परतण्याचा कोनही बदलतो. मग खेळाडू काय करतो? जास्त जोर लावतो, आणि फिरकी मिळावी म्हणून मध्यापासून आणखी लांब मारतो. ती चौदा मिलिमीटरची सीमा इथेच ओलांडली जाते. त्यात टेकवलेल्या हाताला घाम, क्यू बोटांतून सरळ सरकत नाही, अडखळतो, आणि टिप नेम धरलेल्या जागेपासून जरा बाजूला लागते. झाला मिसक्यू. घसरली ती टिप, म्हणून शिव्या टिपवरच्या चॉकला. मला ही साखळी कळली तेव्हा चॉकची दयाच आली.

घामावर उपाय म्हणून मुलं हाताला टाल्कम पावडर फासतात. ती कापडावर सांडते, बॉलला चिकटते, चॉकची भुकटीही दमट बॉलवर जास्त टिकते. दोन बॉल एकमेकांवर आदळताना मधे नेमका असा डाग आला तर ते क्षणभर धरल्यासारखे होतात आणि रंगीत बॉल वाट सोडून जातो. म्हणजे चॉकचा खरा उपद्रव झालाच तर तो टिपवर कमी पडला म्हणून नसतो, बॉलवर जास्त राहिला म्हणून असतो. त्याला औषध एक स्वच्छ कोरडं फडकं. पण फडक्याची जाहिरात कोण करणार?

चॉकला जादू समजणं नवीन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये बाथ शहरात जॅक कार नावाचा एक बिलियर्ड्स मार्कर होता. टिपला खडू लावून तो बॉलला अशी फिरकी द्यायचा की बघणारे थक्क होत. लोकांनी गुपित विचारलं तर म्हणे त्याने आपली खास भुकटी छोट्या डब्यांतून महाग विकायला सुरुवात केली. भुकटी साध्या खडूची. जादू त्याच्या मनगटात होती आणि विकली गेली डबी. आज चांगल्या कंपन्यांचे चॉक खरोखर चांगले असतात, कमी झडतात, बॉलवर कमी डाग पाडतात, ते मी नाकारत नाही. पण ओल्या कापडावर महाग चॉक म्हणजे गळक्या छपराखाली भारी गालिचा.

मुलांनी माझं लगेच ऐकलं नाही, आणि ऐकू नये. मी त्यांना शाळेत मुलांना सांगायचे तेच सांगितलं. एका वेळी एकच गोष्ट बदला. तुमच्याच बोलण्यात आहे की सकाळी अकराला चॉक वाईट असतो आणि संध्याकाळी एसी तीन-चार तास चालला की तोच चॉक सुधारतो. मग संध्याकाळचा तो 'सुधारलेला' चॉक घट्ट झाकणाच्या डबीत घरी आणा, सकाळी तोच घेऊन जा. क्यू तोच, टेबल तेच. आणि पार्लरमधला चॉक कोणता, डबीतला कोणता, हे मारणाऱ्याला सांगू नका. नातवाने करून पाहिलं. त्याला दोन चॉक ओळखता आले नाहीत, टेबल मात्र सकाळी जड ते जडच. एका घरातल्या एका मुलाची ही गोष्ट, पुरावा म्हणून नाही सांगत. तुम्ही तुमच्याकडे करून पाहा.

आता नुकसानीबद्दल.

व्यावसायिक स्नूकरच्या टेबलांखाली हीटर बसवलेले असतात, कापडातली ओल उडावी म्हणून. कॅरम बिलियर्ड्स नावाचा बिनखिशाचा प्रकार असतो, त्याच्याही स्पर्धांची टेबलं तापवलेली असतात. जुन्या क्लबांत मार्कर रोज टेबलाला ब्रश मारतो आणि चक्क इस्त्री फिरवतो. खोलीला एसी, आणि एसीच्या नळीतून टपकणारं पाणी म्हणजे हवेतून काढलेली ओलच. मुंबईतल्या जिमखान्यांत असं टेबल मिळतं. आमच्याकडच्या गाळ्यात शटर अर्धं वर, बाहेर पाऊस, एसी गिऱ्हाईक आल्यावर. त्यात स्वस्त टेबल असेल तर तळाला दगडाऐवजी लाकडी बोर्ड असतो. चांगल्या टेबलाचा तळ स्लेटचा, म्हणजे आपल्या पाटीच्या दगडाचा. त्याला ओल बाधत नाही. लाकडी बोर्ड पावसाळ्यात फुगतो आणि वाकतो.

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण मी किती वर्गांना शिकवली त्याची गणती नाही. पण इथे अंगण अक्षरशः वाकडं आहे हो!

अशा टेबलावर जून ते सप्टेंबर सराव केलेला मुलगा मुंबईच्या एखाद्या स्पर्धेला जातो. तिथलं कापड कोरडं, वेगवान. त्याचा हात जड कापडाला सरावलेला. पांढरा बॉल ठरवलेल्या जागेच्या फूटभर पुढे जातो, पुढचा फटका अवघड होतो, आणि पोरगा पहिल्याच फेरीत बाद. घरी आल्यावर कुणी म्हणतं नशीब, कुणी म्हणतं याच्यात दम नाही, आणि तो स्वतः म्हणतो चॉक. तिघांचंही चूक. तो वेगळ्याच टेबलावर शिकला होता, एवढंच.

यावर कुणी म्हणेल, खरा खेळाडू कुठल्याही टेबलाशी जमवून घेतो. खरं आहे. पण जमवून घ्यायला दोन्ही टेबलं माहीत असावी लागतात. ज्याने कोरडं टेबल पाहिलंच नाही तो कशाशी काय जमवणार?

शाळेतलं एक सांगते. जुलैत एखाद्या मुलाला फळ्यावर लिहायला बोलावलं की दमट फळ्यावर त्याचं अक्षर उमटायचंच नाही. वर्ग हसायचा, मुलगा खाली मान घालून जागेवर जायचा. पाच-दहा मिनिटांनी फळा वाळला की तीच अक्षरं पांढरीशुभ्र दिसायची, आणि बहुतेकदा उत्तर बरोबर असायचं. म्हणून पावसाळ्यात फळ्यावरचं उत्तर मी वाळेपर्यंत तपासत नसे. त्या मुलाला मी सवलत देत नव्हते, फळा ओला आहे एवढंच लक्षात ठेवत होते.

आणि गंमत पाहा. स्नूकरचा जन्मच पावसाळ्यातला. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, बाहेर पाऊस कोसळत असताना वेळ घालवायला नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर जास्तीचे रंगीत बॉल मांडून हा खेळ काढला असं सांगतात. तिथे ना एसी, ना हीटर. पण अन्यायही नव्हता, कारण सगळे एकाच ओल्या टेबलावर खेळत होते. दमटपणा हा दोष नव्हे. एकाला दमट आणि दुसऱ्याला कोरडं, हा दोष.

महाराष्ट्राला या खेळाचं वावडं नाही. विल्सन जोन्स जन्माने पुण्याचे. १९५८ साली कलकत्त्यात ते जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले, भारताचे पहिले वैयक्तिक जगज्जेते तेच, आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पद पुन्हा मिळवलं. मुंबईचे मायकेल फरेरा १९७७, १९८१ आणि १९८३ साली जगज्जेते झाले. पंकज अडवाणींचा जन्मही पुण्याचा. पुढचं नाव खांदेश्वर, कामोठे किंवा पनवेलमधून यायला हरकत काय आहे?

त्यासाठी मोठा खर्चही लागत नाही. पार्लरवाल्यांनी रात्री टेबल झाकावं, सकाळी खेळ सुरू होण्याआधी तासभर शटर लावून एसी चालवावा, ब्रश मारावा, बॉल रोज पुसावेत. भिंतीवर काही शे रुपयांचा आर्द्रतामापक लावावा, म्हणजे आज टेबल का जड आहे हे पोरांना आकड्यात दिसेल. स्पर्धा भरवणाऱ्यांनी बाहेरून येणाऱ्या मुलांना सामन्याच्या टेबलावर अर्धा तास तरी सराव द्यावा. आणि आईबाबांनो, महागड्या चॉकचे पैसे वाचवून पावसाळ्यात महिन्यातून दोनदा मुलाला एखाद्या कोरड्या टेबलावर खेळायला न्या. पूल म्हणजे टवाळांचा अड्डा असं अजून वाटत असेल तर बरोबर बसा आणि बघा. मी बसते. मला तिथे सगळे 'आजी' म्हणतात आणि खुर्ची देतात.

मुलांनाही एक सांगणं आहे. सबब खरी असू शकते, पण ती नेमकी असली पाहिजे. "चॉक सादळलाय" म्हटलं की विषय संपतो. "कापड जड आहे, आज फिरकी कमी मिळेल, जोर वाढवायला नको, मध्याजवळच मारू" असं म्हटलं की खेळ सुरू होतो.

असो. पोह्यांची वेळ झाली. नागपूरच्या आमच्या वन्संच्या नातवाने हे वाचलं तर जरूर कळवावं. तुमच्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी की वाळत घातलेली साडी पिळेपर्यंत वाळते. मग तुमच्या पार्लरमध्ये फटका चुकला की शिव्या कुणाला पडतात?